न दिसलेलें भय आणि सहृदयाचें मन

'सहृदय' हा शब्द उच्चारला कीं वाचकावाचकांतील सर्व भेद मिटले, अशी आमच्याकडील रसचर्चाकारांची समजूत दिसते. नाटक एकच, प्रेक्षागृह एकच. मग एकाचे डोळे भरून यावे आणि शेजाऱ्यानें जांभई द्यावी, हें कां? दुसरा अरसिक, हें उत्तर ठरलेलेंच. आम्हांस हा निकाल फार घाईचा वाटतो.

या प्रश्नीं एटकिन व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेला प्रयोग लक्षांत घेण्याजोगा आहे. भ्यालेल्या माणसाचा चेहरा सेकंदाच्या सुमारें तिसाव्या हिश्शाइतकाच वेळ दाखवावयाचा व लगेच त्या जागीं निर्विकार चेहरा आणावयाचा. पहिला चेहरा पाहिल्याची जाणीवच पाहणाऱ्यास होत नाहीं. तरीहि मेंदूंतील 'अमिग्डाला' नामक बदामी आकाराच्या भागांत एके ठिकाणीं चलबिचल होते, आणि मनुष्य स्वभावानें जितका चिंतातुर तितकी ती अधिक. तोच चेहरा पुरता दिसूं दिला असतां जी चलबिचल होते, तींत मात्र हा स्वभावभेद उमटत नाहीं! आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें तें हेंच. उघड भयापुढें सारे सारखे. न दिसलेल्या भयापुढें ज्याचा त्याचा स्वभाव पुढें होतो.

अभिनवगुप्तास यांत नवल वाटलें नसतें, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही निम्माच आवरतों. चित्तवृत्तींच्या वासनेवांचून प्राणी नाहीं, मात्र एखादी वृत्ति कोणांत अधिक तर कोणांत उणी, हें 'अभिनवभारतीं'त त्यानें सांगूनच ठेविलें आहे. स्वतःच्या सुखदुःखानें विवश होणें हें त्यानें रसविघ्नांत गणलें, आणि त्यावर उपाय म्हणून गीतवाद्यादि सामग्री सुचविली. प्रयोगशाळेंतील त्या चेहऱ्यास ना कथा, ना संगीत. तेथें मोजली जाते ती वासना. रसापर्यंत तो प्रयोग पोंचतच नाहीं. शिवाय प्रयोगांत घेतलेलीं माणसें अगदीं थोडीं. शितावरून भाताची परीक्षा होईल, पंगतीची कशी व्हावी?

तथापि परीक्षणकारांस एवढें विचारण्यास हरकत नसावी. करुण नाटकास 'रडकें' म्हणून ते बाजूस सारतात, तेव्हां त्या नापसंतीचें कारण कोणत्या प्रवेशांत, कोणत्या संवादांत सांपडलें, हें ते कां सांगत नाहींत? जागा दाखवितां येत नसेल, तर तें कारण नाटकांत नसून त्यांच्याच स्वभावांत असण्याचा संभव आहे. आणि त्याची शिक्षा आज नाटककार भोगतो.