परतायचं ते कुठं? : 'गमन' पाहिल्यावर

'गमन' हा मुजफ्फर अलींचा पहिला सिनेमा, १९७८ सालचा. मी जन्मायच्या कितीतरी आधीचा. मी तो पाहिला वणीच्या एका जिनिंगमध्ये, रात्रपाळी सुटल्यावर. माझ्यासोबत रेच्यावर असणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या एका सोबत्याच्या मोबाइलवर, तीन-चार दिवस, तुकड्यातुकड्यानं. नंतर घरी राजूरला मायसोबत पुन्हा एकदा सलग पाहिला. या सिनेमाची तारीफ पुष्कळ झालेली आहे. मीही करणार आहे. पण तारीफ करणाऱ्यांना जी अडचण आली नाही ती मला आली. ती सांगणं भाग आहे.

गोष्ट साधी. अवधच्या खेड्यातला गुलाम हसन (फारूख शेख) आजारी माय आणि बायको खैरुन (स्मिता पाटील) यांना मागं ठेवून मुंबईला जातो. गावचा दोस्त लल्लूलाल तिवारी (जलाल आगा) तिथं टॅक्सी चालवतो. त्याच्या ओळखीनं गुलाम आधी टॅक्स्या धुतो, मग चालवतो. पैसा साठत नाही. गावी जाणं होत नाही. शेवटी तो स्टेशनवर येतो, समोर गाडी असते आणि हा चढत नाही. भाड्यातच सगळं जाईल. संपला सिनेमा.

सिनेमाला पैसा थोडा लागलाय हे दिसतं, आणि तेच बरं झालं. झगमगाट नाही. रस्ते आहेत, टॅक्स्या आहेत, कोंदट खोल्या आहेत. संगीतासाठी जयदेव यांना आणि गाण्यासाठी छाया गांगुलींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. शहरयार यांची सुरेश वाडकरांनी गायलेली गझल टॅक्सीच्या चाकावर येते तेव्हा रुईच्या धुळीनं भरलेली माझी छाती आणखी भरून आली. खोटं कशाला बोलू?

पण या सिनेमाच्या बुडाशी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गाव म्हणजे माय. शहर माणसाला खातं, गाव त्याची वाट पाहतं. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'मध्येही (१९५३) हेच होतं. बलराज साहनीचा शंभू कलकत्त्यात माणसांची रिक्षा ओढतो ती जमीन वाचवायला. शेवटी मूठभर मातीसुद्धा त्याला उचलू देत नाहीत. पाहताना डोळ्यात पाणी येतं. मग डोळे पुसल्यावर प्रश्न पडतो, की आमच्या बापजाद्याजवळ ते दोन बिघे कधी होते? ज्याच्याजवळ गमवायलाच काही नव्हतं त्याच्या जाण्याला काय म्हणायचं?

मुजफ्फर अली हे कोटवाऱ्याच्या राजघराण्यातले. हा त्यांचा गुन्हा नाही. उलट वाड्यातला माणूस टॅक्सीवाल्याजवळ येऊन बसला, ही मोठीच गोष्ट. सिनेमात तिवारी आणि हसन जिवलग आहेत, तेही मला आवडलं. पण वाड्यावरून जे गाव दिसतं ते गावकुसाबाहेरून दिसत नाही. 'गमन'च्या गावात गरिबी आहे, दांडग्यांचा काच आहे. ज्यांना गावाची विहीर चालत नव्हती ते मात्र मला त्यात कुठं भेटले नाहीत. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल जे सुनावलं ते या कॅमेऱ्याच्या कानावर गेलेलं दिसत नाही.

माझा आजा राजूरला आला तो चुनाभट्टीवर. त्याच्या मायनं त्याला परत ये म्हणून कधी सांगावा धाडला नाही. ती म्हणायची, "तिकडंच राह्य बाबू, इकडं याचं नाव घेऊ नोको." ही पण मायच होती. खैरुनएवढाच जीव तिचाही तुटत असेल. पण पोरगं दूर राहिलं तरच माणूस म्हणून जगेल हे तिला कळत होतं.

आजाचा धाकटा भाऊ गावातच राहिला. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यानं मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं, तेव्हा गावानं मजुरी बंद केली, दुकान बंद केलं. आजा त्या वेळी भट्टीवर रोकडा पगार घेत होता. "तू पयाला, आमी भोगलं," हे वाक्य तेव्हापासून दोन्ही घरांच्या मधात पडून आहे. लग्नाच्या पत्रिका जातात, माणसं येत नाहीत. आजा मेला तेव्हा ते लोक आले, पण जेवले नाहीत. जाणाऱ्याच्या घरात पडलेली ही फूट मला 'गमन'मध्ये सापडली नाही. तिथं मागं राहिलेल्यांनी फक्त वाट पाहायची.

मायचं म्हणणं वेगळंच. ती अर्धी जिंदगी भट्टीवर चुन्याची टोपली वाहत आली. खैरुनकडं पाहून तिनं विचारलं, "हे बाई रोजानं जात नाही का रे?"

मी म्हटलं, तिचा नवरा पैसे पाठवते.

"पुरत नाही म्हन्ते ना तो. मंग हे खाते काय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सिनेमाजवळही नाही. मी जास्त शहाणपणा करून तिथली रीत, पडदा असं काहीतरी समजवू लागलो, तर तिनं हातानंच गप्प केलं. स्मिता पाटील नुसती पाहत उभी होती. माय म्हणाली, "पन तोंड खरं हाये तिचं." स्मिताच्या कामावर याहून नेमकं मला लिहिता येणार नाही.

सिनेमात यशोधरा नावाची एक मुलगी आहे. लल्लूलालचं तिच्यावर प्रेम. या नावानं हाक मारली तर आमच्या वस्तीत चार-पाच जणी वळून पाहतील. म्हणून मी सावरून बसलो. पण ती कोण, कुठली हे मला उमगलं नाही. त्या प्रेमापायी लल्लूलालचा जीव जातो, एवढं खरं.

घराकडून येणारं मरण पडद्यावर उघडं पाहायला मला नागराज मंजुळेंच्या 'सैराट'पर्यंत (२०१६) यावं लागलं. आर्ची-परश्या हैदराबादला पळतात. अनोळखी बाई त्यांना आसरा देते. झोपडपट्टीत ते भांडतात, उपाशी राहतात, मग संसार उभा करतात. आर्ची मायला फोन करते. त्या फोनमागोमाग घर येतं, हातात भेटवस्तू घेऊन. गुलाम हसनला घर बोलावतं आणि त्याच्याजवळ भाडं नसतं. आर्चीकडं घर स्वतः भाडं काढून येतं. 'सैराट'च्या गाण्यांवर नाचणाऱ्यांना हा दुसरा भाग लांबला असं वाटतं. मला तोच खरा सिनेमा वाटतो.

हे सगळं मी माझ्या सोबत्याला सांगितलं. हंगाम संपत आला होता, गाठी भरून ट्रक निघत होते. मी त्याला त्याची जात कधी विचारली नाही. त्यानं माझी पहिल्याच आठवड्यात विचारली होती, आडनावावरून. तरी पाणी एकाच माठातलं पितो. त्यानं माझं ऐकून घेतलं. मग मोबाइल काढून स्टेशनचा शेवटचा सीन पुन्हा लावला आणि गाडी सुटेपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याचं गाव त्याला हवं होतं. मी पुढं काही बोललो नाही. त्यानं माझ्याकडं तिकिटाला दोनशे रुपये कमी पडतात म्हणून मागितले. मी दिले.