दोन साक्षी, पण एकाच वेळी कशाला?

मेंदूच्या प्रतिमांवर आधारलेले शोधनिबंध वाचताना एक विशेषण मला वारंवार खटकते: 'बहुपद्धती'. ईईजी आणि एफएमआरआय एकत्र वापरले, एवढ्यावरच निष्कर्षाचे वजन वाढले असे त्यांत गृहीत धरलेले असते. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे.

हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये येना येथे माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या. ईईजी मिलिसेकंदांचा हिशेब देते. लहर नेमकी कुठून उगवली, हे मात्र खात्रीने सांगत नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडलेल्या तत्त्वावर उभा असलेला एफएमआरआय काही मिलिमीटरपर्यंत जागा दाखवतो. पण तो मोजतो रक्तातील प्राणवायूचा बदल, आणि तो शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. एकाला वेळ ठाऊक, दुसऱ्याला जागा. दोघांना जोडले की चित्र पूर्ण, हा युक्तिवाद म्हणूनच मोहात पाडतो.

पण एक साक्ष विजेची आहे, दुसरी रक्ताची. निकोस लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून या दोहोंत नाते असल्याचे दाखवले. मात्र नाते असणे म्हणजे एकरूप असणे नव्हे. एका पद्धतीला दिसलेली घडामोड दुसरीला दिसेलच, असे नाही.

शिवाय एकत्र मापनाची किंमत मोजावी लागते. स्कॅनरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे ईईजीत मूळ लहरींच्या कितीतरी पट मोठा गोंगाट शिरतो. हृदयाच्या ठोक्यागणिक डोके आणि तारा किंचित हलतात, त्याचीही भर पडते. तो गाळताना थोडा खरा संकेतही गळून जातो.

म्हणून माझ्या मते प्रश्न एकच: अभ्यासायची घटना पुन्हा घडवता येते का? तेच चित्र शंभरदा दाखवता येत असेल, तर त्याच माणसांवर दोन्ही मापने वेगवेगळ्या दिवशी घ्यावीत. दोन्ही अधिक स्वच्छ मिळतील. अपस्मारातील क्षणिक विद्युत्-स्फोट किंवा झोपेतली एखादी लहर मात्र बोलावून येत नाही. आली त्याच क्षणी रक्तप्रवाहात काय झाले, हे एकाच वेळी मोजल्याशिवाय कळणारच नाही. तिथे गोंगाट सोसण्याला अर्थ आहे.

निबंधाच्या पहिल्या पानावर 'एकाच वेळी का?' याचे उत्तर मिळाले नाही, तर 'बहुपद्धती' हे विशेषण मी गुणांत धरत नाही.