कार्बनचे तीन स्वभाव

देवळ्याच्या बाजारात कांदा पारखणारा आधी पत्ती बघतो. पत्ती घट्ट असेल तर माल चाळीत टिकणार. अणुइंधनाचा एक कण असाच पापुद्र्यांवरून पारखतात. मात्र तो पुरता एक मिलिमीटरचाही नसतो आणि त्याचा प्रत्येक पापुद्रा निराळ्या कामाचा. ट्रायसो हे त्याचं नाव. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेल्या छोट्या उच्च तापमान अणुभट्टीत थोरियम आणि युरेनियम-२३३ यांच्या इंधनासाठी हेच कण योजले आहेत. भट्टी १०० किलोवॅट उष्णतेची, पण तिच्यातून वितळलेलं शिसं-बिस्मथ बाहेर पडतं ते १००० अंश सेल्सिअसला. नेहमीच्या अणुभट्टीतल्या धातूच्या नळ्या तिथे निभावणार नाहीत. म्हणून प्रत्येक दाण्याला त्याचं स्वतंत्र भांडं.

कण कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तो आतून बाहेर वाचत जावा. मध्ये इंधनाचा गोल गाभा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. त्याला लागून सच्छिद्र कार्बनचा सुमारे १०० मायक्रॉनचा थर. छायाचित्रात तो इतका ढिसाळ दिसतो की नवख्याला कारागिराची चूक वाटावी. पण अणू फुटल्यावर गाभ्याबाहेर उडणारे तुकडे इथेच थांबतात, झेनॉन आणि क्रिप्टॉन वायूंना इथल्याच पोकळ्यांत जागा मिळते, गाभा फुगला तर यालाच दाबतो. मार खाण्यासाठीच घडवलेला थर. ॲसिटिलीनमधून तो घाईघाईने बसवतात, कारण भुसभुशीतपणाच हवा असतो.

पुढचा थरही कार्बनचाच, पण घट्ट, ४० मायक्रॉनच्या आसपास. माझा जीव याच्यावर. त्याच्यावर सिलिकॉन कार्बाइड चढवायचं असतं आणि ते चढताना हायड्रोजन क्लोराइड सुटतं. ते आत शिरलं तर इंधन कुरतडेल. हा थर त्याला अडवतो. म्हणजे भट्टी सुरू होण्याआधीच याचं एक काम उरकलेलं! दुसरं काम भट्टीत. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने हा कार्बन सुरुवातीला आकसतो. कार्बाइडच्या बाहेर बसवलेला त्याचा जुळा थरही आकसतो. आतला ओढतो, बाहेरचा आवळतो, आणि मधलं कार्बाइड दाबाखाली राहतं. ताण पडला की तडकणाऱ्या त्या कणखर पदार्थाला हवं असतं ते नेमकं हेच.

अट एकच: या कार्बनला कुठलीही एक दिशा लाडकी असता कामा नये. स्फटिकांची ठेवण एकीकडे झुकली की आकसणंही असमान होतं, थर चिरतो, आणि ती चीर कार्बाइडलाही भोवते. म्हणून कण वायूच्या झोतात सतत उसळते ठेवून तापमान, वायूंचं मिश्रण आणि थर चढण्याचा वेग यांचा मेळ साधावा लागतो. खरी कारागिरी इथे आहे.

एरवी नायकपद कार्बाइडला मिळतं. १६०० अंशांपर्यंत किरणोत्सारी द्रव्यं ते धरून ठेवतं, हे जर्मन चाचण्यांनी दाखवलं आहे. मान्य. तरी कार्बनने दोन्हीकडून सांभाळलं नसतं तर हा नायक कितीसा टिकता? शिवाय त्याच्यात एक उणं आहेच: फार तापल्यावर किरणोत्सारी चांदी अखंड कार्बाइडमधूनही निसटते.

इंग्लंडमधल्या ड्रॅगन अणुभट्टीत लेपित कण १९६०च्या दशकातच वापरात आले. डिसेंबर २०२३मध्ये चीनमधल्या शिदाओवानची वीजनिर्मिती करणारी अणुभट्टी ट्रायसो कणांवर व्यापारी तत्त्वावर चालू झाली. चांदीची वाट मात्र अजून पुरती बंद झालेली नाही.