पदवी तपासायची की विद्यापीठाचा नंबर?

मागच्या आठवड्यात गोंदियाच्या अभ्यासिकेत एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, बाहेरून पीएच.डी. केली की इथल्या कॉलेजात थेट लागता येतं ना? नेट-सेट द्यावी लागत नाही म्हणे." याचं उत्तर सरळ 'हो' नाही. म्हणून आज एखादा शोधनिबंध वाचतो तसे यूजीसीचे दोन नियम वाचू.

पहिला नियम एप्रिल २०२५चा, परदेशी पदवीच्या समकक्षतेचा. आधी हे काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करायची, आता यूजीसीने स्वतःकडे घेतलंय. संस्थेला तिच्या देशात मान्यता आहे का, प्रवेशाची अट आपल्यासारखी आहे का, क्रेडिट किती, प्रबंध होता का, हे बघायचं. फ्रँचायझी पद्धतीने मिळालेली पदवी चालत नाही. वैद्यक, फार्मसी, नर्सिंग, कायदा, आर्किटेक्चर यांना हा नियम लागू नाही. मला हा नियम बरा वाटतो, कारण तो शिक्षण तपासतो.

पण समकक्षता म्हणजे पात्रता नव्हे. सहायक प्राध्यापकाची पात्रता २०१८च्या नियमावलीत आहे. एक वाट अशी: पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. यातून सूट आहे ती यूजीसीच्या स्वतःच्या पीएच.डी. नियमांनुसार मिळालेल्या पदवीला. दुसरी वाट: क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एका जागतिक क्रमवारीत पहिल्या ५००मध्ये असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. आणि ही क्रमवारी 'कधीही' मिळालेली चालते!

इथे संशोधनातला आपला नेहमीचा प्रश्न विचारा: हे माप नेमकं काय मोजतं? शांघाय क्रमवारीत ३० टक्के गुण माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या नोबेल, फील्ड्स पदकांना आहेत. क्यूएस जगभरच्या प्राध्यापकांना विद्यापीठाच्या नावलौकिकाबद्दल विचारते. तुमचा प्रबंध यातलं कुणीच वाचत नाही. शिवाय 'कधीही' म्हटल्यावर क्रमवारीचं वर्ष आणि तुमच्या पदवीचं वर्ष यांचा संबंधही उरत नाही.

समजा, अर्जुनी-मोरगावच्या एका मुलीने मामा तलावांच्या पाणीवाटपावर परदेशात चांगलं काम केलं, पण विद्यापीठ ५००च्या बाहेरचं. तिची पदवी समकक्ष ठरेल, तरी दुसरी वाट तिला बंद. तिच्यापेक्षा कच्चा प्रबंध लिहिलेला, पण 'नंबरवाल्या' विद्यापीठाचा उमेदवार आत.

या नियमाच्या बाजूनेही बोलायला हवं. बोगस पदव्या आहेत, वशिला आहे. तयार यादी असली की निवड समितीला मनमानी करता येत नाही. २०१८ला हा युक्तिवाद पटला असता. पण आता समकक्षतेच्या तपासणीतच बोगस पदवी गळणार असेल, तर नंबरची चाळणी कशाला? समकक्ष ठरलेल्या परदेशी पीएच.डी.ला भारतीय पीएच.डी.सारखीच सूट द्यावी, इतकं साधं आहे.

तोवर आपण काय करायचं? प्रवेश घेण्याआधी तिन्ही क्रमवाऱ्या बघून ठेवा. अभ्यासक्रम, क्रेडिट, प्रवेशाच्या अटी यांचे कागद सुरुवातीपासून जपा. आणि जमलं तर जाण्याआधीच सेट काढून टाका. महाराष्ट्र-गोव्यासाठी ती पुणे विद्यापीठ घेतं. ज्युनिअरला मी हेच सांगितलं, आणि वर म्हटलं, "कुणाच्या 'म्हणे'वर जाऊ नको, मूळ राजपत्र वाच."