पान हुबेहूब, पण दागिना?

हस्तकलेच्या कुठल्याही प्रदर्शनात सध्या दागिन्यांच्या टेबलांवर झाडाझुडपांचेच राज्य असते. तांब्याने मढवलेले पिंपळाचे पान, रेझिनमध्ये बंद केलेली रानफुले, बांबूची कर्णफुले, करवंटीचे लोलक, भद्राक्षाच्या माळा, भाजलेल्या मातीची कमळे. पुण्यात, मुंबईत, नाशकात घरच्या घरी हे काम करणाऱ्या तरुण मुली आणि मध्यमवयीन स्त्रिया आता भरपूर आहेत. सराफाच्या काउंटरपलीकडे दागिना असू शकतो, हे त्यांनी ग्राहकाच्या गळी उतरवले आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तरीही ही टेबले लक्ष देऊन पाहिली की एक उणीव सतत जाणवते. निसर्गातली वस्तू उचलली जाते, पण तिची रचना अभ्यासली जात नाही.

या कामाला माप लावायचे तर ते आपल्या घरातच आहे. बोरमाळ, बकुळीहार, पोहेहार, लवंगी, चाफेकळी, जोंधळी मणी, जवमणी. मराठी सोनाराने आकार दूरच्या अरण्यातून आणले नाहीत. परसातून, शेतातून आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांतून घेतले. ते घेताना त्याने काय ठेवले आणि काय सोडले, हे पाहण्यासारखे आहे. बकुळीचे फूल हातात घ्या. बोटाच्या पेराएवढेही नाही, रंग फिकट, पाकळ्या अरुंद आणि पुष्कळ. झाडावरून गळते तेव्हा मध्ये आरपार भोक असते, म्हणून मुले सुईवाचूनही त्याची माळ ओवतात. सोनाराने त्यातल्या दोनच गोष्टी उचलल्या, पाकळ्यांची दातेरी कड आणि मधला ठिपका. बाकी सगळे त्याने सोडून दिले. मग अशी लहान फुले कडीने कडीला जोडून त्याने असा हार केला की तो गळ्याच्या वळणावर कुठेही अडत नाही. फूल तंतोतंत उतरवले असते तर हा हार झालाच नसता.

कोल्हापुरी साजाची पाने पाहा. कमळ, बेलपान, मासा, कासव, भुंगा, कारले, वाघनख असे आकार एका ओळीत येतात आणि दोन पानांच्या मध्ये जवमणी बसतात. पारंपरिक साजाची पाने एकवीस मानतात. कारल्याचा खडबडीतपणा, कासवाची पाठ, माशाचे खवले हे सगळे नखाएवढ्या पत्र्यावर ठशाने उठवायचे, म्हणजे प्रत्येक आकाराची एकच खूण निवडावी लागते. पत्रा पातळ, म्हणून आत लाख भरायची. ही लाख पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर जगणाऱ्या इवल्या किड्यांपासून मिळते. पोकळ मणी चेपू नये म्हणून पोटात झाडावरची लाख, बाहेर सोने, आणि शेवटी पटवेकऱ्याच्या हातचा गोंडा. ठुशीही तशीच. जोंधळ्याच्या कणसावर दाणे बसावेत तसे तिचे मणी एकमेकांना चिकटून बसतात, आणि मागची दोरी सरकवून गळ्याप्रमाणे ती घट्ट किंवा सैल करता येते. आकार, साहित्य आणि अंगावर बसण्याची सोय यांचा विचार इथे एकत्रच झालेला आहे.

आता पुन्हा त्या प्रदर्शनातले तांब्याचे पान घेऊ. वाळलेल्या पानावर वीज वाहून नेणारा लेप लावतात, ते मोरचूदाच्या द्रावणात बुडवतात आणि मंद विद्युतप्रवाह सोडतात. काही तासांत शीरन् शीर दाखवणारा तांब्याचा थर चढतो. पहिल्यांदा पाहताना आपण थक्क होतो, आणि त्यात काही चूक नाही. पण हे थक्क करणे पानाचे आहे, कारागिराचे नव्हे. कारागिराचे काम त्यानंतर सुरू व्हायला हवे, आणि नेमके तिथेच ते थांबते. पानाच्या एका टोकाला भोक, त्यात बाजारातली तयार कडी, कडीत तयार साखळी. पानाला स्वतःचा सांधा असतो, तो म्हणजे देठ. वाऱ्यात पान ज्याच्यावर वळते, वजन तोलते, तो देठ बहुतेक वेळा छाटून टाकलेला असतो. त्याच देठाला बाक देऊन कानातला आकडा करता आला असता. हा विचार केलेले काम क्वचित दिसते, पण जेव्हा दिसते तेव्हा शंभर पानांतून ते एक वेगळे उठून येते.

रेझिनबद्दल मला अधिक कठोर बोलावेसे वाटते. दोन द्रव मिसळून घट्ट होणारे हे प्लास्टिकच आहे, खनिज तेलापासून बनलेले. त्यात फूल बुडवून तो दागिना ‘निसर्गस्नेही’ म्हणून विकणे बरोबर नाही. फूल पुरते वाळलेले नसेल तर आतल्या आत तपकिरी पडते, आणि उन्हात रेझिन पिवळे होत जाते. एवढे करूनही ते वाळलेले फूल वहीत ठेवण्यापेक्षा गळ्यात घालायला का हवे, याचे उत्तर रचनेत नसते. साच्यातून निघणारा गोल किंवा थेंब हाच आकार, आत काहीही असो.

नैसर्गिक साहित्य वापरले की जबाबदारी संपते, असाही एक समज आहे. लालकाळ्या गुंजांच्या माळा हे त्याचे ठळक उदाहरण. गुंज आपल्या सोनारकामाचे मापच होते, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तराजूत ती निरुपद्रवी. माळेसाठी तिला भोक पाडले की गोष्ट बदलते, कारण तिच्या टणक कवचाआड अब्रिन नावाचे जहाल विष असते. भोक पाडणाऱ्याच्या हाताला आणि श्वासाला त्या भुकटीचा धोका आहे, माळ तोंडात घालणाऱ्या तान्ह्या बाळालाही आहे. ही गोष्ट विक्रीच्या टेबलावर कोणी सांगत नाही. समुद्रातून येणाऱ्या साहित्याचेही तसेच. समुद्रपंखा आणि खडक बांधणारी प्रवाळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यांचे लोलक करून विकणे हा गुन्हा आहे. साजातले वाघनख सोन्याचे असते, खऱ्या वाघाचे नख गळ्यात घालायला कायद्याने बंदी आहे. आकार घेऊन जीवाला हात न लावण्याची रीत आपल्याकडे आधीपासून आहे, तीच पुढे नेणे शहाणपणाचे.

किनाऱ्यावर अशाही गोष्टी असतात ज्या कोणाचे काही न हिरावता हाती लागतात, आणि त्यांच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. कोकणात वाळूवर समुद्रफेस पडलेला असतो, म्हणजे माकुलाच्या जातीतल्या एका प्राण्याच्या पाठीतले पांढरे, हलके कवच. नखाने कोरता येईल इतके ते मऊ असते. दोन तुकडे घासून सपाट करायचे, त्यांच्यात आकार कोरायचा, वरून चांदी ओतायला वाट ठेवायची आणि तारेने बांधायचे. वितळलेली चांदी आत उतरली की त्या कवचाच्या लाटांसारख्या रेघा धातूवर जशाच्या तशा उमटतात. साचा एकदाच वापरता येतो, त्यामुळे प्रत्येक नग वेगळा. जगभरचे दागिनेकार ही जुनी पद्धत वापरतात. ज्या किनाऱ्यावर हा साचा पायाखाली येतो तिथल्या कलाशाळांनी ती पहिल्या वर्षालाच शिकवायला हरकत नाही.

बांबूचे काम या सगळ्यात मला जास्त आशादायक वाटते. मेळघाटात धारणीजवळच्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांच्या हाताला काम दिले, आणि तिथल्या बांबूच्या राख्या दूरवर पोहोचल्या. बांबूत स्टार्च असतो, म्हणून त्याला भुंगेरे लागतात. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो मुरवला तर टिकतो. बोरॅक्स म्हणजे सोनार डाक देताना वापरतो तो टाकणखारच. टिकण्याचा प्रश्न असा सुटतो, पण रचनेचा अजून उरलाच आहे. बांबूचा गुण त्याच्या लवचीक, ताणून धरणाऱ्या बेळात, म्हणजे चिरलेल्या पट्टीत, आहे, आणि बाजारात दिसतात ती मात्र चकत्या कापून रंगवलेली कर्णफुले. पुठ्ठ्याची असती तरी तशीच दिसली असती.

निसर्गाकडे पाहून दागिना घडवणे म्हणजे काय, हे फ्रेंच दागिनेकार रने लालीकने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये दाखवून दिले. शिंग, काच आणि मीनाकाम ही त्याची आवडती सामग्री. किमती हिऱ्यापेक्षा शिंगावरची योग्य झाक त्याला मोलाची वाटे. १८९७-९८च्या सुमाराचा त्याचा ‘चतुर-स्त्री’ हा दागिना आज लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. चतुराच्या तोंडातून स्त्रीचा देह बाहेर येतो, खाली हिंस्र पंजे, आणि पंखांना बिजागऱ्या. चतुर सुंदर असतो आणि शिकारीही असतो, हे दोन्ही त्यात आहे. आजच्या काळात फिनलंडच्या तेर्ही तोल्वानेन छाटलेल्या डहाळ्या आणि खनिजे अशी जोडतात की खडा फांदीलाच फुटला आहे असे वाटावे. मुंबईचे वीरेन भगत प्लॅटिनमचा आधार जवळजवळ अदृश्य करून सपाट पैलूंच्या हिऱ्यांतून कमळ आणि पाकळ्या उभ्या करतात. त्यांचे काम श्रीमंतांच्याच वाट्याला येते हे खरे, पण नजर पैशाने येत नाही.

आपल्याकडे या कलेची चर्चा होते तेव्हा एक दालन पूर्णच विसरले जाते. संक्रांतीचे हलव्याचे दागिने. तिळावर किंवा खसखशीवर मंद आचेच्या परातीत पाकाचे थेंब सोडत, बोटांनी सतत हलवत काटा फुलवायचा. पाक जास्त झाला की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की काटा बसतो आणि रंग जातो. असा तयार झालेला हलवा काळ्या चंद्रकळेवर नव्या सुनेच्या गळ्यात, मनगटावर, बोरन्हाणाला बाळाच्या मुकुटावर चढतो. डोहाळजेवणाच्या फुलांच्या वाडीचेही तेच, जाई-मोगऱ्याच्या कळ्यांचा बाजूबंद संध्याकाळपर्यंतच टिकायचा. काही तास जगणारा, बीज आणि साखर किंवा कळी आणि दोरा एवढ्यावर उभा राहणारा दागिना आजच्या कलेच्या भाषेत किती पुढारलेला आहे! तो करणाऱ्या बायकांना कोणी कलावंत म्हटले नाही. आता हलव्याच्या जागी थर्माकोलचे मणी आणि जाईच्या जागी कापडी फुले येताहेत, कारण ती पुढच्या वर्षीही वापरता येतात. हे नुकसान मला मोठे वाटते.

पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरे तुळशीच्या काड्यांपासून मणी करतात, तेही इथेच मोजायला हवे. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळही. या वस्तू श्रद्धेच्या आहेत म्हणून त्यांच्याकडे कारागिरी म्हणून कोणी पाहत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी पैशाचा जुना हिशेब आहे. आपण दागिना वजनावर घेतो आणि घडणावळ ही कमी करून घ्यायची गोष्ट मानतो. सोने दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेले तरी सराफाशी वाद होतो तो घडणावळीवरच. मग जिथे वजनाला किंमतच नाही, त्या बांबू, माती, बियांच्या दागिन्याला ग्राहक काय देणार? सगळी किंमत घडणावळीचीच असते, आणि ती द्यायची सवय आपल्याला नाही. करणारी बाई मग तासाभरात होईल असेच काम करते. रचनेला लागणारे दोन दिवस तिला परवडत नाहीत. दोष तिच्या कल्पकतेचा कमी आणि आपल्या व्यवहाराचा अधिक आहे. जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कवर शुद्धता असते, सहा अक्षरी क्रमांक असतो, घडवणाऱ्या हाताचे नाव नसते. झवेरी बाजारातल्या माळ्यांवर बसलेल्या बंगाली कारागिरांपासून हुपरीच्या चांदीच्या पेढ्यांपर्यंत हीच स्थिती आहे. नावच नसेल तर कोणाचे काम सुधारले, कोणाचे थबकले, हे लिहिणार कसे? चित्रकाराच्या प्रदर्शनावर वर्तमानपत्रात चार ओळी येतात, दागिन्याच्या प्रदर्शनावर जाहिरात येते.

म्हणून वाचकाकडे एक मागणे आहे. पुढच्या वेळी हाताने घडवलेला दागिना घ्याल तेव्हा तो उलटा करून पाहा. मागची बाजू, कडी, फिरकी, आकडा नीट पाहा. साहित्य कुठून आले ते विचारा. काम आवडले तर घडणावळीत घासाघीस करू नका, आणि पावतीवर घडवणाऱ्याचे नाव लिहून मागा.