नित्यातून नैमित्तिकाकडे

मराठी माणूस वाचीत नाही, ही तक्रार प्रतिवर्षी नव्या आवेशाने मांडली जाते. परंतु दिवाळीच्या सुमारास निघणारे शेकडो विशेषांक, ठरावीक वर्गणीत ते सभासदांना घरी देणारी वाचनालये आणि संक्रांत उलटली तरी चालू राहणारी त्यांची देवघेव ज्याने डोळसपणे पाहिली असेल, त्याला ती जशीच्या तशी मान्य करता येणार नाही. क्षीण झाले आहे ते नित्याचे वाचन. नैमित्तिक वाचन अद्याप टिकून आहे.

नित्याचे वाचन आपल्याकडे मुख्यतः नियतकालिकांनी घडविले. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू करून 'पण लक्षांत कोण घेतो?' मधील यमूची कहाणी तीत क्रमशः छापली, तेव्हा दोन अंकांमधला काळ वाचकाच्या मनात यमूच्या काळजीने भरलेला असे, आणि माझ्या मते वाचकाला बांधून ठेवण्याचे निम्मे काम त्या प्रतीक्षेनेच केले. पुढे 1920 साली निघालेल्या किर्लोस्करांच्या मासिकाने आणि 1930 च्या 'स्त्री'ने महिन्याच्या महिन्याला घरात येणाऱ्या परिचिताची जागा घेतली. 'सत्यकथे'चा वाचकवर्ग मर्यादित होता खरा, तथापि तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेला मजकूर बारकाईने तपासून लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करीत, आणि या साक्षेपाचा लौकिक असा होता की, सर्वस्वी अपरिचित नावाची कथाही वाचक विश्वासाने हाती घेई. ते मासिक 1982 साली बंद पडले. याच संदर्भात बाबूराव अर्नाळकरांचे नाव घेणे मला आवश्यक वाटते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाची समीक्षेने फारशी दखल घेतली नाही, हा अन्यायच होय. कारण त्यांच्या झुंजार या नायकाच्या ओढीने जो वाचनालयाची पायरी पुन्हा पुन्हा चढला, त्याच्यापुढे उरलेली कपाटेही उघडी झाली.

दिवाळी अंकाची परंपरा का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने 1909 साली सुरू केली, तेव्हा त्या अंकामागे वर्षभर वाचकाशी बोलत आलेले मासिक उभे होते. आजच्या पुष्कळ दिवाळी अंकांमागे मासिकच नाही. संपादक वर्षातून एकदा नामवंतांकडून साहित्य मागवितो, जाहिरातींची तजवीज करतो, अंक काढतो आणि पुढल्या वर्षापर्यंत दिसेनासा होतो. अंकातली एखादी कथा उत्तम असते, क्वचित असामान्यही असते. पण ती वाचून संपल्यावर वाचकाने कोठे जावे, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नाही. वाचनालयांनी ते द्यावे, तर 1967 च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानाचा आधार मिळूनही त्यांची पुष्कळशी शक्ती दर्जा राखण्यासाठी दप्तर सांभाळण्यात खर्ची पडते, आणि सभासदाची आवड ओळखून पुढचे पुस्तक काढून ठेवणारा ग्रंथपाल अल्प वेतनात फार काळ टिकत नाही.

दूरदर्शनवर किंवा भ्रमणध्वनीवर सारा दोष टाकणे मला पटत नाही. रोजच्या मालिका ज्या प्रतीक्षेवर चालतात, ती हरिभाऊंच्या साप्ताहिकाला पूर्वीच ठाऊक होती. आपण ती सोडून दिली. दिवाळी अंकांच्या संपादकांपैकी काहींनी जरी उरलेल्या वर्षात तीन लहान अंक काढून एखादी नवी कादंबरी क्रमशः छापली आणि वाचकांची पत्रे पुन्हा छापावयास घेतली, तरी दिवाळीत जमणाऱ्या वाचकाला चैत्रातही वाचनालयात येण्याचे कारण मिळेल.