नंदुरबार जिल्ह्यातील नित्य आरोग्य व प्रशासकीय नोंदी आणि लोकसंख्या-आरोग्यविषयक संशोधन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या सहा तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १६ लाख ४८ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात हा जिल्हा ०.६०४ या निर्देशांकासह शेवटच्या स्थानी होता. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. कुपोषण, बालमृत्यू, सिकलसेल व स्थलांतर या विषयांवरील संशोधनात नंदुरबारचे नाव वारंवार येते ते यामुळेच.

अशा संशोधनाचा मोठा भाग नित्य नोंदींवर आधारलेला असतो. शासकीय यंत्रणा आपल्या दैनंदिन कामाचा भाग म्हणून ज्या नोंदी ठेवते त्या नित्य नोंदी होत. जन्म-मृत्यू नोंदवही, उपकेंद्राचे मासिक अहवाल, अंगणवाडीतील वजनाच्या नोंदी, शाळेचे दाखले ही त्यांची परिचित उदाहरणे. या नोंदी विनाखर्च उपलब्ध असतात, हे त्यांच्या वापराचे एक कारण आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. नमुना नोंदणी पद्धतीतून बालमृत्युदराचा अंदाज राज्य पातळीवर मिळतो. २०२० साठी महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर दर हजारी १६ होता. मात्र हा आकडा अक्राणीविषयी काहीच सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून जिल्हानिहाय माहिती दिली. परंतु जिल्हानिहाय तथ्यपत्रकांत अर्भक मृत्युदर दिलेला नाही. त्यामुळे जिल्हा, तालुका किंवा गाव पातळीवर अभ्यास करणाऱ्यास नित्य नोंदींकडे वळण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून या नोंदी वापराव्यात की नाही, हा खरा प्रश्न नाही. त्या कशा वाचाव्यात, हा आहे. नोंदींत त्रुटी असतात हे सर्वच अभ्यासक मान्य करतात आणि लेखाच्या शेवटी ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली तसे नमूदही करतात. पण त्या कबुलीमागे एक गृहीतक दडलेले असते : त्रुटी सर्वत्र सारख्या विखुरलेल्या आहेत, म्हणून तुलना तरी ग्राह्य आहे. नंदुरबारच्या संदर्भात हे गृहीतकच तपासण्याची गरज आहे. तेथे मृत्यूची शक्यता ज्या परिस्थितीत वाढते, त्याच परिस्थितीत नोंद होण्याची शक्यता घटते.

नोंदीचे घडणे

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्यानुसार घटना २१ दिवसांच्या आत कळवावयाची असते. रुग्णालयात झालेल्या प्रसूतीची खबर रुग्णालय देते, घरी झालेल्या प्रसूतीची कुटुंबप्रमुखाने द्यावयाची असते. ग्रामीण भागात ही नोंद ग्रामसेवकाकडे, म्हणजे २०२४ नंतरच्या पदनामानुसार ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे होते. त्याच बालकाची नोंद उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या वहीत होते, आशा कार्यकर्तीच्या वहीत होते आणि अंगणवाडी सेविकेच्या वहीतही होते. यांतील आरोग्याची आकडेवारी २००८ पासून आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत, तर अंगणवाडीची माहिती २०२१ पासून पोषण ट्रॅकरमध्ये भरली जाते.

एकाच जन्माच्या या चार नोंदींचे हेतू वेगवेगळे आहेत. ग्रामपंचायतीची नोंद दाखल्यासाठी, आरोग्यसेविकेची लसीकरणासाठी, आशाची सेवा व मोबदल्यासाठी आणि अंगणवाडीची आहारासाठी. संशोधन हा यांपैकी कोणत्याच नोंदीचा मूळ हेतू नव्हता. ज्या बालकास दाखला, लस, आहार यांपैकी काहीही लागण्यापूर्वीच मृत्यू आला, त्याची नोंद करण्याचे प्रयोजन कोणत्याच वहीला उरत नाही. जन्मल्यावर काही तासांत वा दिवसांत दगावणारे बालक अनेकदा ना जन्माच्या नोंदीत येते ना मृत्यूच्या. क्वचित ते मृतजन्म म्हणून लिहिले जाते आणि अर्भक मृत्युदरातून वगळले जाते. अर्भकमृत्यूंचा मोठा भाग पहिल्या महिन्यातच होतो, हे लक्षात घेतल्यास या एका गळतीचे परिणाम किती व्यापक आहेत ते ध्यानी येते.

२०२३ च्या दुरुस्ती अधिनियमाने या असमतोलास नवे परिमाण दिले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरला. त्यामुळे जन्म नोंदविण्याचे कारण बळकट झाले, अर्भकाचा मृत्यू नोंदविण्याचे झाले नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या भागात प्रत्यक्षात १००० जन्म व ४० अर्भकमृत्यू झाले, पैकी ६०० जन्म व १८ मृत्यू नोंदले गेले, तर नोंदीतील दर ३० येतो. पुढे नोंदलेले जन्म ९०० झाले व मृत्यू १८ च राहिले, तर दर २० वर येतो. एकही बालक न वाचता मृत्युदर एक तृतीयांशाने घटला. कालानुक्रमिक आकडेवारीवरून ‘सुधारणा’ सिद्ध करणाऱ्या अभ्यासांनी ही शक्यता आधी फेटाळून दाखविली पाहिजे.

अंश आणि छेद

कोणताही दर हा अंश व छेद यांचा भागाकार असतो. नंदुरबारमध्ये हे दोन्ही अस्थिर आहेत. दिवाळीनंतर जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी व अन्य मजुरीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. बारडोली परिसरातील साखर कारखान्यांसाठी खानदेशातून येणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच केला होता. नोंदणी कायद्यानुसार घटनेची नोंद ती जेथे घडली तेथे होते, राहत्या गावी नव्हे. उसाच्या फडालगतच्या झोपडीत जन्मलेल्या वा दगावलेल्या बालकाची नोंद कायद्याने गुजरातेत व्हावयास हवी. प्रत्यक्षात तेथील यंत्रणेच्या दृष्टीने ते कुटुंब परगावचे असते आणि येथील यंत्रणेच्या दृष्टीने ते गैरहजर असते. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याच्या प्रथेमुळे तालुक्यातालुक्यांतील आकडेही असेच सरकतात.

अंगणवाडीतील कुपोषणाच्या टक्केवारीतही छेदाचा प्रश्न आहे. ही टक्केवारी वजन घेतलेल्या बालकांमधून काढली जाते. स्थलांतरित कुटुंबातील बालके वजनाच्या दिवशी गावात नसतात, आणि कुपोषणाचा धोका त्यांनाच अधिक असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या व पाचव्या या दोन्ही फेऱ्यांत जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. अंगणवाडीच्या मासिक आकड्यांशी हे चित्र जुळत नाही, तेव्हा एका बाजूस खोटे ठरविण्याआधी कोणती बालके कोणत्या छेदात होती हे पाहणे आवश्यक ठरते.

लोकसंख्येचा छेदही जुना आहे. २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली; म्हणजे मधल्या काळातील सर्व दर २०११ च्या आधारावर वाढवून काढलेले आहेत. सरदार सरोवर प्रकल्पाने अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील कुटुंबांचा एक भाग तळोदा व शहादा तालुक्यांतील वसाहतींत गेला, तर एक भाग नर्मदेच्या काठावर डोंगरात वर सरकला. एकाच गावाचे नाव दोन ठिकाणी राहिल्यावर त्या गावाचा दर कशाचा दर आहे, हे सांगणे कठीण होते. १९९८ पूर्वीच्या धुळे जिल्ह्याच्या आकड्यांशी आजच्या नंदुरबारची तुलना करतानाही तालुकानिहाय पुनर्रचना केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

नाव व वय

अलीकडे निरनिराळ्या संचांतील नोंदी व्यक्तिनिहाय जोडून अभ्यास करण्याकडे कल वाढला आहे. ही जोडणी नाव, वय व पत्ता यांवर चालते. नंदुरबारमध्ये वसावे, वळवी, पाडवी, पावरा, गावित अशा मोजक्या आडनावांत गावेच्या गावे सामावतात. पावरी, भिलोरी, मावची बोलींतील नावे लिहिणारा ती आपापल्या कानाप्रमाणे लिहितो, त्यामुळे एकच स्त्री तीन वह्यांत तीन नावांनी आढळते. पत्त्यात गाव असते, पाडा नसतो. वयाची स्थिती याहून वेगळी नाही. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या दाखल्यावर १ जून लिहिण्याची शाळांची जुनी रीत महाराष्ट्रभर परिचित आहे. अशा दाखल्यांवरून विवाहसमयीचे वय वा मातेचे वय काढणारा अभ्यास वस्तुतः गुरुजींच्या सोयीचा अभ्यास ठरतो. ज्यांच्या नोंदी जुळत नाहीत त्यांना विश्लेषणातून वगळले, तर पुन्हा दुर्गम पाड्यांवरील लोकच वगळले जातात.

नोंदविणाऱ्यावरील दडपण

नोंद करणारी व्यक्तीच सेवेसाठी उत्तरदायी असते, ही या पद्धतीतील मूलभूत विसंगती होय. मृत्यू नोंदविला की चौकशी सुरू होते. न नोंदविला तर कोणी विचारीत नाही. अशा स्थितीत नोंद राहून जाणे हा निव्वळ व्यक्तिगत अप्रामाणिकपणा मानता येत नाही, तो व्यवस्थेने घडविलेला परिणाम आहे. प्रामाणिकपणे नोंद करणारे उपकेंद्र आकड्यांत वाईट दिसते आणि मौन पाळणारे आदर्श ठरते. दोन तालुक्यांची क्रमवारी लावणारा संशोधक नकळत या मौनास बक्षीस देतो.

या प्रश्नाची महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाची चिकित्सा ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने केली. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या कार्यक्षेत्रात जन्म व बालमृत्यू स्वतंत्रपणे मोजले. प्रत्यक्ष मृत्यू शासकीय नोंदींहून कितीतरी अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. पुढे शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. संस्थांची कार्यक्षेत्रे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली नव्हती, म्हणून त्यांवरून राज्याचा अंदाज काढण्याबाबत सांख्यिकीय आक्षेप घेता येतो. तथापि, नोंदविणारा व उत्तरदायी यांना वेगळे केल्यास आकडा बदलतो, हा त्या प्रयत्नाचा मूळ धडा त्या आक्षेपाने बाधित होत नाही.

दुहेरी नोंदींचा मार्ग

नोंदी अपूर्ण असतानाही त्यांतून एकूण घटनांचा अंदाज काढण्याची एक पद्धती भारतातच विकसित झाली. सी. चंद्रशेखर व डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये कोलकात्याजवळील सिंगूर येथील माहितीच्या आधारे ती मांडली. एका भागात समजा ग्रामपंचायतीच्या वहीत ४० मृत्यू आहेत, अंगणवाडीच्या वहीत ३० आहेत आणि दोन्हींत सामाईक २० आहेत. दोन्ही मिळून ५० मृत्यू माहीत होतात. दोन्ही वह्या परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर एकूण मृत्यू ४० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे ६० असावेत. १० मृत्यू कोणत्याच वहीत आलेले नाहीत.

या पद्धतीचा वापरही डोळसपणे व्हावयास हवा. आशा व अंगणवाडी सेविका महिनाअखेरीस एकत्र बसून वह्या जुळवीत असतील, तर दोन साक्षीदार प्रत्यक्षात एकच होतात, सामाईक घटना वाढतात आणि अंदाज खाली येतो. जो मृत्यू एकीला कळत नाही तो सहसा दुसरीलाही कळत नाही, म्हणूनही अंदाज कमीच येतो. चंद्रशेखर-डेमिंग यांनी यावर भागनिहाय व गटनिहाय वेगळी गणना सुचविली होती. सपाटीवरील शहादा व डोंगरातील अक्राणी यांची एकत्र गणना न करणे, हा त्याचा येथील अर्थ. एवढे केल्यावर मिळणारा आकडा ‘किमान’ म्हणून मांडणे हेच शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरेल.

या कामास मोठ्या अनुदानाची गरज नाही. भूगोल, संख्याशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन, पावरी वा भिलोरी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, योग्य परवानगीने दहा पाड्यांच्या वह्या ताडून पाहिल्या तरी जिल्ह्यातील नोंदींची गुणवत्ता किती आहे याचा पहिला विश्वसनीय पुरावा हाती येईल. गुजरातेतून परतल्यानंतर, होळीच्या सुमारास वा पावसाळ्यापूर्वी, केलेली घरभेट ही त्यातील तिसरी व खऱ्या अर्थाने स्वतंत्र नोंद ठरेल.

मात्र वीस घरांच्या पाड्यात नाव काढून टाकल्याने ओळख पुसली जात नाही. ‘सिकलसेलग्रस्त मुलगी, वय १४’ एवढ्यावरून सारा पाडा तिला ओळखतो आणि तिच्या विवाहावर त्याचा परिणाम होऊ शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संशोधन व सांख्यिकी प्रयोजनास काही अटींवर सूट दिली असली, तरी लहान वस्त्यांची माहिती किती तपशिलात छापावी हा विवेक संशोधकाचाच राहतो. त्याचप्रमाणे, तुटीचा शोध घेताना ती तूट कोणा एका सेविकेच्या माथी मारली जाणार नाही, याचीही काळजी घेतली पाहिजे; अन्यथा पुढील वर्षी वह्या अधिक नीटनेटक्या आणि अधिक मुक्या होतील.

समारोप

नित्य नोंदी नाकारल्या तर नंदुरबारविषयी बोलण्यास राज्याच्या सरासरीखेरीज काही उरत नाही; त्या जशाच्या तशा स्वीकारल्या तर दुर्गमता हीच आरोग्यपूर्णता भासू लागते. डॉक्टरांची पदे, आहाराचा निधी व रुग्णवाहिका यांचे वाटप आकड्यांवर ठरते, म्हणून हा केवळ संशोधनपद्धतीचा प्रश्न राहत नाही. नोंदीत न आलेले बालक पुढच्या वर्षीच्या नियोजनातही नसते. नंदुरबारविषयीच्या प्रत्येक अभ्यासाने आकड्यांचे विश्लेषण करण्यापूर्वी तो आकडा कोणी, कशासाठी व कोणास वगळून लिहिला याचे विवेचन केले पाहिजे. ते विवेचन लेखाच्या शेवटी ‘मर्यादा’ म्हणून न येता आरंभीच, संशोधन पद्धतीचा भाग म्हणून आले, तर या नोंदी जिल्ह्याच्या आरोग्याविषयी आजच्याहून पुष्कळ अधिक सांगू शकतील.